जुन्या मारुती ८००चे सीट बेल्ट घरी बदलावेत का?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बाबांची १९९८ची मारुती ८०० सध्या माझ्याकडे आहे. नोंदणीचं नूतनीकरण झालंय, इंजिन ठणठणीत आहे. गाडी पुण्यातल्या पुण्यात आणि अधूनमधून साताऱ्यापर्यंत फिरते. विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

प्रश्न सीट बेल्टचा आहे. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा खांद्याच्या उंचीवर कडेने फिसकटलाय, बोट फिरवलं की तंतू हाताला लागतात. शिवाय सोडल्यावर आपोआप आत जात नाही, हाताने भरवावा लागतो. डावीकडचा दिसायला बरा आहे, पण वय तेवढंच. गॅरेजवाला म्हणाला, "चालतंय की, पोलिसांना बाहेरून दिसला म्हणजे झालं." मला ते अजिबात पटलं नाही.

घरी गोटी पान्यांचा सेट आहे, ब्रेक शू आणि सायलेन्सर मी स्वतः बदललेत. तर सीट बेल्ट घरी बदलणं शहाणपणाचं आहे का, की या कामाला हात लावूच नये? नवीन पट्टा कोणता घ्यावा? आणि दुसरं म्हणजे माझ्या गाडीत मागच्या सीटला पट्टेच नाहीत. मागे आई आणि चार वर्षांची मुलगी बसतात. तिथे नवीन बसवता येतील का?

रस्ताभर
स्पष्ट सांगतो, घरी करू नका. ब्रेक चुकला तर निदान पेडल दाबताना कळतं. बेल्ट चुकीचा बसला असेल तर ते अपघाताच्या क्षणीच कळतं, तोपर्यंत सगळं छान दिसतं. अधिकृत वर्कशॉपमध्ये द्या, मजुरी फार नसते.

चाकोरीबाहेर
पट्टा आत जात नाही म्हणून लगेच बदलायला नको. वरच्या कडीत (दाराच्या मागच्या खांबावर, म्हणजे पिलरवर, खांद्याजवळ असते ती) वर्षानुवर्षांचा मळ बसून चिकट थर होतो आणि पट्टा तिथे अडतो. माझ्या सँट्रोत हाच प्रकार होता. फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कडी आतून पुसली, पट्टा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुतला, पूर्ण बाहेर ओढून ठेवून वाळवला. पट्टा सरसर आत जायला लागला.

घाटमाथा
@चाकोरीबाहेर, डावीकडच्या पट्ट्यावर हे नक्की करून बघतो. पण उजवीकडच्याचे तंतूच सुटलेत, त्याला धुऊन काय होणार?

इंजिनकाका
घाटमाथा, तुमचं बरोबर आहे. कड फिसकटलेला पट्टा धुवायचा नसतो, काढायचा असतो. मी तीस वर्षं बॉडी शॉपमध्ये काम केलंय, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

पट्टा पॉलिएस्टरचा असतो, रुंदी साधारण ४६-४८ मिलिमीटर. सगळी ताकद त्या विणीत असते. ऊन, घासणं आणि वय या तिघांनी ती कमी होते. युरोपीय नियम आर-१६ प्रमाणे पट्ट्याने किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दीड टन ओढ सहन केली पाहिजे. कडेचे धागे तुटलेल्या पट्ट्यात यातलं किती उरलं हे डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून अंदाज करत बसायचं नाही, बदलायचा.

घरी होईल का? तुमच्या गाडीत होईल. या गाडीत एअरबॅग नाही, बेल्ट ओढून धरणारा प्रीटेन्शनर नाही. ज्या गाड्यांत प्रीटेन्शनर आहे त्यात बारूद असते, त्या गाड्यांचं काम घरी करू नये असं मी कोणालाही सांगेन. तुमच्याकडे एका बाजूला मोजून चार जागा आहेत: पिलरच्या बुडाशी गुंडाळी (रिट्रॅक्टर), पिलरवर कडी, खाली पट्ट्याचं टोक आणि सीटच्या आतल्या बाजूला बकल.

सीट पुढे सरकवा. प्लॅस्टिकची टोपणं नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून काढा. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, पण पट्ट्यावर उडू देऊ नका. लांब दांड्याने, झटका न देता सोडवा. पहिला बोल्ट निघाला की थांबा आणि फोटो काढा. कोणता वॉशर बाहेर, कोणता आत, मधली बुशी (बोल्टभोवतीची छोटी नळी) कुठे, तिची पायरी कोणत्या बाजूला, हे लक्षात राहत नाही. कडीच्या बोल्टला अशी बुशी असते, तिच्यामुळे बोल्ट पूर्ण आवळूनही कडी मोकळी हलते. वॉशर उलटसुलट झाला तर कडी जाम होते, पट्टा तिरका ओढला जातो आणि पुन्हा एका कडेने कापायला लागतो. तुमचा पट्टा कडेनेच फिसकटलाय म्हणता, म्हणजे आधी कोणीतरी तो उघडून चुकीचा बसवला असण्याची शक्यता आहे. नवीन टाकण्यापूर्वी हे जरूर बघा.

बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचाच नाही. शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकं आवळायचा पाना). आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल, बहुतेक गाड्यांत ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो.

आणि एक, गुंडाळीचं प्लॅस्टिकचं झाकण कधीही उघडू नका. आत घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटली की हात फाडते.

वाचनमात्र
काका, _/\_ प्रिंट काढून ठेवतोय.

उद्यमनगरकर
इंजिनकाकांनी बोल्टचं लिहिलं, त्याला थोडी जोड देतो. आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. वर्षात चार-दोन जण तरी सीट बेल्टचं खराब झालेलं आटं घेऊन येतात आणि गोष्ट प्रत्येक वेळी तीच असते.

जगभरात बहुतेक गाड्यांच्या सीट बेल्टचा बोल्ट इंची असतो: ७/१६, इंचाला २० आटे, यूएनएफ (बारीक इंची आट्यांचं मानक). गाडी जपानी असली, बाकी सगळे नटबोल्ट मिलिमीटरचे असले, तरी हा एवढा इंची. आता हा बोल्ट हरवला की माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो. दुकानदार मोजतो, ११ मिलिमीटरच्या वर थोडा भरतो. ११चा बोल्ट कोणी ठेवत नाही, मग तो १२चा बारीक आट्याचा देतो. १२चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिलिमीटर आणि याचा १.२७, त्यामुळे शेजारी धरले की आटे तंतोतंत जुळतात आणि माणूस फसतो. पण जाडी जवळजवळ एक मिलिमीटरने जास्त. पाना लावून रेटला की तो आतल्या नटचे आटे खात खात जातो, घट्ट लागतो आणि माणसाला वाटतं बसला. १०चा तर आटे न धरताच आत सरकतो, मग लोक मागून नट लावतात!

म्हणून जुने बोल्ट जपा. नवीन पट्ट्याबरोबर नवे बोल्ट मिळाले तर उत्तम. नटचे आटे गंजले असतील तर ७/१६-२० यूएनएफचा टॅप हाताने, तेल लावून, हलके फिरवा. फक्त साफ करायला. नवीन आटे पाडायला नव्हे.

शेवंता
रत्नागिरीहून लिहितेय. तुम्ही सगळे पट्टा आणि बोल्टबद्दल बोलताय, पण बोल्ट ज्यात जातो त्या पत्र्याचं काय? आमच्या दारातली गाडी खाऱ्या हवेत आणि चार महिने पावसात उभी. भावाने पट्टा बदलायला खालचा बोल्ट फिरवला तर बोल्टबरोबर नटही फिरायला लागला, आणि नटबरोबर आतला पत्रा. बाहेरून रंग चकचकीत होता, दोन वर्षांपूर्वीच मारलेला. कार्पेट उचललं तर खाली ओलं. सिलचा (दाराखालच्या उंबऱ्याचा) पत्रा बिस्किटासारखा तुटून हातात आला. एवढी वर्षं तो पट्टा आम्ही रोज लावत होतो, आणि तो धरून होता फक्त रंगाला.

म्हणून घाटमाथा, पट्टा विकत घेण्याच्या आधी कार्पेट उचला. आधी पत्रा, मग पट्टा.

घाटमाथा
शेवंताताई, हे वाचून काटा आला. आमची गाडी कायम पुण्यातच, पण बाबा दर गणपतीला कोकणात न्यायचे. उद्याच कार्पेट काढतो.

बर्मिंगहॅमवासी
शेवंता यांच्या मुद्द्याला दुजोरा. इथे ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते. तिच्यात सीट बेल्ट पूर्ण ओढून बघतात, बकल लावून-सोडून बघतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेल्टचा बोल्ट जिथे आहे त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजाने कमजोर झालेला असेल तर गाडी नापास. नुसता पट्टा नवा असून चालत नाही. माझी जुनी मायक्रा यातच अडकली होती, सिल कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला. तपासनीस अंगठ्याने दाबतो आणि छोट्या बोथट हत्याराने ठोकून आवाज ऐकतो. घरीसुद्धा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हेच करता येईल. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो.

वेल्डिंग करायची वेळ आली तर बेल्ट आधी पूर्ण काढून घ्या. ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळतं. आणि बॅटरीची वायर सोडवायची.

अनुभवाचे_बोल
एवढं गुंतागुंतीचं करायची गरज नाही. आमच्या इथल्या कुशनवाल्याने जुन्या गुंडाळीवर नवीन पट्टा शिवून दिला. जाड नायलॉन पट्टा आहे, ट्रकची ताडपत्री बांधतात तसला. दोन वर्षं झाली, एक टाका उसवला नाही.

उद्यमनगरकर
अनुभवाचे_बोल, राग मानू नका, पण दोन वर्षांत त्या टाक्यांवर ओढ आलीच कुठे? रोज पट्टा लावताना त्यावर दोन-चार किलोचा भार येतो.

हिशेब मांडतो. ७० किलोचा माणूस, गाडी ताशी ५० किलोमीटर. धडक झाली, गाडीचं नाक चेपलं आणि माणूस पट्ट्यासकट अर्ध्या मीटरात थांबला असं धरा. सरासरी बल येतं साधारण साडेतेरा किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १४०० किलो. हे सगळं पट्टा, शिवण, बोल्ट आणि पत्रा यांच्यात वाटलं जातं, तेही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. गाडीच्या बेल्टची शिवण ठरावीक नक्ष्यात, ठरावीक धाग्याने मशीनवर होते आणि तिची चाचणी होते. काही पट्ट्यांत खालच्या टोकाला मुद्दाम घडी घालून शिवलेली असते, ती मोठ्या धक्क्यात ठरवून उसवते आणि छातीवरचा मार कमी करते. आणि नायलॉन ताणल्यावर पॉलिएस्टरपेक्षा जास्त लांबतो. तेवढ्या लांबण्यात डोकं स्टीअरिंगपर्यंत पोचतं.

अनुभवाचे_बोल
हम्म. १४०० किलोचा विचार केला नव्हता. कुशनवाल्याने मनापासून काम केलं होतं, पण त्याच्याकडे तपासायचं साधन नाही हे खरं. कंपनीचा पट्टा कुठे मिळेल ते मीही शोधतो.

अस्थितज्ज्ञ
मी हाडांचा डॉक्टर आहे, हायवेलगतच्या गावात प्रॅक्टिस. पट्टा नवा टाकाल तेव्हा तो अंगावर कुठून जातो तेही पाहा. खालचा भाग मांडीच्या वर, कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे, पोटावर नाही. वरचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून, मानेला न घासता आणि खांद्यावरून न घसरता. हाड भार घेतं, पोट घेऊ शकत नाही. पोटावर चढलेल्या पट्ट्याने आतडं फाटलेले आणि मणका मोडलेले रुग्ण मी पाहिलेत. गरोदर बाईने पट्टा लावायचाच, पण खालचा भाग पोटाखालून.

काखेखालून पट्टा घेणारे लोक पण खूप. "खांद्याला टोचतो" म्हणतात. त्याने बरगड्या मोडतात आणि खाली यकृत-प्लीहेला इजा होते. टोचत असेल तर सीट मागेपुढे करा.

मुकी_बाहुली
आमच्या आजीला पट्टा लावला की ती दर वेळी विचारते, "बांधून कुठे नेताय गं मला?" :D आता तिला सवय झालीय, आम्ही विसरलो तर तीच आठवण करते.

पद्मिनीप्रेमी
धाग्यात थोडी घुसखोरी करतो. माझ्याकडे १९७६ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, आजोबांनी घेतलेली. तिच्यात पट्टे कधी नव्हतेच. पुढे तीन बिंदूंचे बसवायची फार इच्छा आहे. खाली चेसिसच्या चॅनलमध्ये जागा दिसते, पण पिलरवर वर नट नाही. भोक पाडून मागे मोठा वॉशर टाकला तर?

इंजिनकाका
पद्मिनीप्रेमी, नुसता वॉशर टाकून पिलरला भोक पाडू नका. पिलर म्हणजे पातळ पत्र्याची नळी. आर-१४ नियमात बेल्टच्या जागांची जी चाचणी आहे, त्यात वरच्या आणि खालच्या पट्ट्यावर प्रत्येकी साडेतेरा किलोन्यूटनची ओढ देतात आणि जागा सुटता कामा नये. पत्र्याला धरलेला वॉशर तिथे पत्रा फाडून बाहेर येईल. त्यासाठी आतून जाड पट्टी, तिच्यावर वेल्ड केलेला नट, आणि ती पट्टी पिलरच्या सांध्यांवर पसरवावी लागते. हे जुन्या गाड्यांचं काम जाणणाऱ्या चांगल्या डेंटरचं काम आहे, आणि त्याला आधी इंजिनिअरकडून नीट आरेखन हवं. घाई करू नका.

कायदेपंडित
नियमांचं थोडं. पुढच्या सीटचे पट्टे बसवणं मार्च १९९४पासून बनणाऱ्या गाड्यांना बंधनकारक झालं, मागचे २००२पासून. त्यामुळे पद्मिनीत पट्टे नाहीत म्हणून ती बेकायदा ठरत नाही, आणि घाटमाथांच्या १९९८च्या गाडीत मागे नाहीत यातही नवल नाही. पण पुढचे मात्र हवेत आणि चालू स्थितीत हवेत. लावला नाही तर २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ब खाली १,००० रुपये दंड. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेलं तरी तेवढाच.

रस्ताभर
मागच्या सीटवरचा माणूस पट्टा लावत नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर पट्ट्याशिवाय असताना कार अपघातात गेले, तेव्हा महिनाभर सगळे बोलत होते. मुंबई पोलिसांनी त्या नोव्हेंबरपासून मागच्यांनाही सक्ती केली. आज टॅक्सीत मागे बसल्यावर पट्टा शोधा, बकल सीटच्या आत दाबलेलं सापडेल. मी दर वेळी हात घालून काढतो.

चाकोरीबाहेर
आणि पट्टा न लावल्यावर वाजणारी ती बीप बंद करायची खोटी बकलं! मे २०२३मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती काढायला लावली, १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. एवढी मागणी होती. ज्या यंत्राने आपल्याला जिवंत ठेवायचं, त्याचं तोंड बंद करायला लोक पैसे मोजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सह्याद्रीवेडा
एक शंका. आमची जुनी ऑल्टो तामिणीत उतरायला लागली की बसल्याबसल्या पट्टा अडकतो, जरा पुढे झुकलं तरी खेचून धरतो. सपाट रस्त्यावर काही नाही. हे नॉर्मल का?

इंजिनकाका
छान प्रश्न, आणि घाटमाथांनीही हे वाचावं. गुंडाळीत दोन वेगळे खटके असतात. एक पट्टा झटक्याने ओढला की लागतो. दुसरा गाडीची चाल ओळखतो: आत छोटी पोलादी गोळी किंवा लोलक असतो, ब्रेक जोरात लागला किंवा गाडी कलली की तो हलतो आणि दात अडकवतो. नियमाप्रमाणे १२ अंशांपर्यंतच्या कलाला तो लागता कामा नये आणि साधारणपणे २७ अंशांच्या पुढे लागलाच पाहिजे. १२ अंश म्हणजे पाच फुटांत एक फुटाहून थोडा जास्त चढ. गाड्यांच्या घाटरस्त्यावर एवढा कल क्वचितच मिळतो. तेव्हा तुमची गुंडाळी आधीच पुढे कललेली असणार. बोल्ट सैल, पत्रा वाकलेला, किंवा दुसऱ्याच गाडीची गुंडाळी बसवलेली. तपासून घ्या.

म्हणूनच दुसऱ्या मॉडेलची गुंडाळी "बसते" म्हणून घेऊ नये. तिचा लोलक त्या गाडीच्या पिलरच्या कोनाला जुळवलेला असतो. डावी-उजवीही अदलाबदल होत नाही. आणि नवीन गुंडाळी हातात धरून पट्टा ओढायला गेलात तर तो येणारच नाही, कारण हातात ती तिरकी असते. लोक तेवढ्यावरून माल खराब म्हणून परत करतात. गाडीत जशी उभी बसते तशी सरळ धरा, मग हळू ओढा.

सह्याद्रीवेडा
काका, बघितलं. खालचा बोल्ट हाताने फिरतोय. आजच आवळतो. आटे बरे आहेत.

उद्यमनगरकर
हाताने फिरतोय?! आवळण्याआधी काढून आटे आणि मागचा पत्रा दोन्ही बघा. शेवंता यांची पोस्ट परत वाचा.

घाटमाथा
मंडळी, कार्पेट काढलं. उजव्या बाजूला सिल कोरडा आहे, मूठ ठोकल्यावर खणखणीत आवाज. डाव्या बाजूला दरवाज्याच्या रबराखालून पाणी येत असणार, खालच्या बोल्टभोवती तळव्याएवढा तपकिरी डाग आहे. पोलादी ब्रशने घासलं तर गंज वरवरचाच निघाला, खाली पत्रा पांढरा आणि कडक. तरी एका डेंटरला दाखवलं, त्यानेही ठोकून, दाबून बघून पत्रा शाबूत आहे म्हणून सांगितलं. गंजरोधक प्रायमर मारला, दरवाज्याचं रबर बदलायला घेतलंय.

आता पट्ट्याबद्दल. भंगार बाजारात याच मॉडेलचा जुना पट्टा स्वच्छ अवस्थेत मिळतोय, नाना पेठेत नवीनही मिळेल असं एकाने सांगितलं. जुना घ्यावा का?

इंजिनकाका
जुना नको. तो अपघातातल्या गाडीतला नाही हे कसं ओळखणार? थोडं कळतं म्हणा: कडीवर पट्ट्याचं प्लॅस्टिक वितळून चकाकी आलेली असते, पट्ट्यावर लाटेसारखी सुरकुती असते, टोकाची घडी उसवलेली असते. पण या खुणा नसल्या म्हणजे धक्का बसलाच नाही असं नव्हे. वयही तेवढंच असणार. नवीन घ्या, बकलसकट. जीभ (पट्ट्यावरची, बकलमध्ये अडकणारी धातूची पट्टी) आणि बकल एकाच जोडीचे हवेत. पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ शिवलेली चिठ्ठी वाचा. उत्पादक, मानक आणि तारीख असते. चिठ्ठीच नसेल तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

आईचीगाडी
मागच्या सीटचा मूळ प्रश्न सगळे विसरले का? माझीही मुलगी त्याच वयाची आहे, म्हणून विचारतेय.

अस्थितज्ज्ञ
बरं झालं आठवण केलीत. मुलांना मागे बसवा हा सल्ला योग्य आहे, पण तो मागे पट्टा आहे हे गृहीत धरून दिलेला असतो. मागे पट्टाच नसेल तर मांडीवर घेतलेलं मूल आईच्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. वर उद्यमनगरकरांचा हिशेब वाचा आणि मुलाच्या वजनाला लावून पाहा.

इंजिनकाका
मागे बसवता येईल का याचं उत्तर गाडी उघडून बघितल्याशिवाय देता येत नाही. मागची बैठक उचला, कडेचं आवरण काढा आणि कारखान्यातून वेल्ड केलेले नट आहेत का पाहा. ते ७/१६चेच असतील. काही गाड्यांत बुचांनी झाकलेले असतात. असतील तर त्याच मॉडेलचे नंतरच्या वर्षांतले पट्टे मिळवून बसवता येतील. नसतील तर पद्मिनीप्रेमींना सांगितलं तेच तुम्हालाही, घरी ड्रिल चालवायचं नाही.

तोवर मुलीसाठी: तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे पुढच्या डाव्या सीटवर तीन बिंदूंच्या नव्या पट्ट्याने बालआसन बांधता येईल. सीट मागे सरकवून. एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र उलट्या तोंडाचं बालआसन पुढे कधीही लावायचं नाही. आणि आसन घेताना ते गाडीच्या पट्ट्याने बांधण्याजोगं आहे ना ते पाहा, फक्त आयसोफिक्सचं (गाडीतल्या खास कड्यांना अडकवायचं) घेतलंत तर तुमच्या गाडीत त्याला पकडच नाही. बांधल्यावर आसन पट्ट्याच्या जागी धरून हलवा. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त सरकलं तर पुन्हा बांधा.

आईचीगाडी
धन्यवाद काका. हे एअरबॅगचं मला माहीत नव्हतं.

घाटमाथा
काम झालं. दोन्ही बाजूंचे पट्टे आणि बकलं नवीन, चिठ्ठीवर मानक आणि तारीख बघून घेतली. माझ्या गाडीत १७चा सॉकेट बसला. उजवीकडचा वरचा बोल्ट रात्रभर तेलात ठेवूनही हटत नव्हता, शेजारच्या काकांच्या लांब दांड्याने सुटला. इंजिनकाकांचा अंदाज बरोबर निघाला: उजव्या कडीत बुशी उलटी होती, पायरी बाहेरच्या बाजूला. कडी पिलरवर घट्ट आवळली गेली होती आणि पट्टा पुढच्या कडेवरच घासत होता. डावीकडे तीच बुशी बरोबर होती, म्हणून तो पट्टा तेवढा फिसकटला नव्हता.

नवीन बोल्ट सगळे बोटांनी गेले. मग मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क रेंच. दोन्ही कड्या आवळल्यावरही मोकळ्या हलतात. हळू ओढला की पट्टा येतो, झटका दिला की अडतो. सोसायटीच्या मोकळ्या आवारात ताशी पंधराच्या वेगाने ब्रेक मारून बघितला, दोन्ही बाजूंना खटका लागला.

मागच्या पट्ट्यांचं काम मी स्वतः करणार नाही. बॉडी शॉपमध्ये वेळ घेतली आहे, ते आवरण काढून नट आहेत का बघतील. तोपर्यंत मुलगी पुढे बालआसनात, आणि आईला लांब न्यायचं असेल तर भावाची गाडी.

रस्ताभर
घाटमाथा, मी पहिल्याच प्रतिसादात घरी करू नका म्हटलं होतं. ज्याला बुशीची पायरी बघायचा धीर आहे आणि मागच्या सीटपाशी थांबायचं कळतं, त्याने घरी करायला माझी हरकत नाही. ज्याला बोल्ट फिरला की काम झालं असं वाटतं, त्याच्यासाठी माझं मत तेच आहे.

शेवंता
जुने पट्टे काय केले? तसेच भंगारात देऊ नका. मधोमध कापा, नाहीतर कोणीतरी "स्वच्छ अवस्थेत" म्हणून परत विकेल.

घाटमाथा
कापले, शेवंताताई. दोन्ही कात्रीने चार-चार ठिकाणी. बकलंही ठोकून निकामी केली.

पद्मिनीप्रेमी
काका, जुन्या गाड्यांचं काम करणारा एक डेंटर मिळालाय, आरेखनासाठी एका इंजिनिअर मित्राशी बोलतोय. पिलरच्या आतल्या पट्टीची जाडी किती धरावी यावर तुमच्याशी सविस्तर बोलायचंय. नवीन धागा काढतो, तिथे या.

इंजिनकाका
काढा. पिलर उघडल्यावरचे आतले फोटो टाका, आणि सांधे कुठे आहेत ते खडूने खुणा करून दाखवा. जाडीचं त्यानंतर बोलू.